शून्यालाही चिन्ह असते

संगणकाच्या आज्ञावलीत 0.5 किंवा 0.1 असा स्थिरांक लिहिणे सोपे असते. तो प्रोसेसरच्या रजिस्टरपर्यंत कोणत्या मार्गाने न्यायचा, हे मात्र कंपायलरला ठरवावे लागते. मार्ग जवळचा असावा, पण वाटेत संख्येचा एकही बिट बदलू नये, हा या कामाचा मूळ नियम होय.

ठाण्यातील खोपट एसटी स्थानकावरून सुटणाऱ्या गाडीच्या कंडक्टरला प्रत्येक प्रवाशाच्या सुट्या पैशांसाठी आगाराच्या खिडकीशी जावे लागले, तर गाडी हलणारच नाही. म्हणून नेहमी लागणारी नाणी तो पिशवीतच बाळगतो. कंपायलरची गरजही अशीच असते. 64 बिटी आर्म प्रोसेसरची प्रत्येक आज्ञा 32 बिटांची असते. 64 बिटांची फ्लोटिंग पॉइंट संख्या तिच्यात मावत नाही. त्यामुळे एका खास आज्ञेत 8 बिटांची जागा राखून 256 निवडक संख्यांची सोय केलेली आहे. 0.5, 1 आणि 2 या संख्या त्यांत आहेत, 0.1 नाही. द्विमान पद्धतीत 0.1 चा विस्तार कधीच संपत नाही. त्याचे जवळचे रूप बहुधा स्मृतीतील तक्त्यातून आणावे लागते आणि त्या फेरीला वेळ लागतो.

ही फेरी वाचविण्याच्या युक्त्यांमध्येच खाचखळगे आहेत. शून्याचे सर्व बिट शून्यच असल्याने तक्त्याकडे न जाता रजिस्टर पुसून टाकले की काम भागते. परंतु 1985 च्या आयईईई 754 मानकानुसार शून्ये दोन आहेत : धन आणि ऋण. तुलनेत ती समान ठरतात. त्यांच्या चिन्हाचा बिट मात्र वेगळा असतो. एकाला धन शून्याने भागल्यास धन अनंत मिळते, ऋण शून्याने भागल्यास ऋण अनंत. कंपायलरमध्ये ‘संख्या शून्याइतकी आहे का’ एवढेच तपासले, तर ऋण शून्याचे चिन्ह निमूटपणे पुसले जाते. अशा संहितेचे परीक्षण करणाऱ्याने म्हणूनच पहिला प्रश्न विचारायचा असतो, की तुलना मूल्यांची आहे की बिटांची? साध्या चाचणीत ही चूक सापडत नाही, कारण तेथेही दोन्ही शून्ये समानच ठरतात.

बिटांच्या अशा फरकाची किंमत किती मोठी असू शकते, हे 25 फेब्रुवारी 1991 रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे दिसले. पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेत 0.1 हा स्थिरांक 24 बिटांत तोडून ठेवलेला होता. सुमारे शंभर तासांत घड्याळ 0.34 सेकंदांनी चुकले, इराकी स्कड क्षेपणास्त्र अडविता आले नाही आणि 28 अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. तेथे दोष कंपायलरचा नव्हता; पण स्थिरांकाचे बिट क्षुल्लक नसतात, हा धडा कंपायलर लिहिणाऱ्यांनाही लागू पडतो.

हे ज्ञान आपल्यापासून दूर नाही. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी या मुक्त कंपायलरच्या अंतर्रचनेचे अध्ययन झाले आणि त्यावर कार्यशाळाही भरल्या. कोणता स्थिरांक आज्ञेतच मावतो आणि कोणता स्मृतीतून आणायचा, याचे नियम जीसीसीत प्रत्येक प्रोसेसरच्या वर्णन-फायलींत व त्यांच्या जोडीच्या संहितेत उघडपणे वाचता येतात. आज्ञावली लिहिणारा ते सहसा पाहत नाही आणि तेथे चूक राहिली तरी त्याला कोणताही इशारा मिळत नाही. म्हणूनच वेग वाढविणाऱ्या प्रत्येक नव्या ओळीकडे दुसऱ्या जाणकाराची नजर जाणे अत्यावश्यक ठरते.