यादींतील द्विरुक्ति

वाण्याकडे न्यावयाची यादी करतांना आई एकदां 'गूळ' लिहिते आणि चार जिन्नसांनंतर विसरून पुन्हां 'गूळ' लिहिते. वाणी ओळखीचा असला तर हंसतो व एकच ढेप देतो. यंत्र मात्र हंसत नाहीं. जें दोनदां लिहिलें तें दोनदां मोजतें. म्हणून यादींतील द्विरुक्ति काढून टाकणें हा संगणकाच्या आज्ञावलींतील नित्याचा धडा होय. तो क्षुल्लक दिसतो खरा. परंतु त्यांत चुकल्यास काय होतें, हें आम्हीं स्वतः अनुभविलें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेच्या सहलीची यादी करण्याचें काम आमच्याकडे होतें. कित्येक मुलांनीं आपलें नांव दोनदां नोंदविलें होतें. आम्हीं संगणकाला आज्ञा केली कीं, एक नांव एकदांच ठेवावें. काम क्षणांत झालें. सहलीच्या दिवशीं पहांटे मात्र एक मुलगा डबा घेऊन मोटारीपाशीं उभा, आणि त्याला जागा नाहीं! त्याच नांवाचा व आडनांवाचा दुसरा मुलगा शेजारच्या तुकडींत होता, आणि यंत्रानें दोघांचा एक केला होता. एका शिक्षकांनीं आपली जागा त्याला दिली म्हणून निभावलें. दोष यंत्राचा नव्हता; आमचा होता.

आतां यंत्र हें काम कसें करतें तें पाहूं. समजा, यादी अशी आहे: शंकर, मेरी, अब्दुल, शंकर, ॲना, मेरी.

पहिली रीत अगदीं साधी. एक कोरी यादी घ्यावी. जुन्या यादींतील एकेक नांव उचलावें, तें नव्या यादींत आहे काय हें आरंभापासून पहावें, आणि नसेल तरच शेवटीं लिहावें. उत्तर येतें: शंकर, मेरी, अब्दुल, ॲना. सहा नांवांना ही रीत उत्तम. परंतु १,००० निरनिराळीं नांवें असल्यास ४,९९,५०० वेळां तुलना करावी लागते, आणि १०,००० असल्यास ४,९९,९५,००० वेळां. नांवें दसपट झालीं कीं श्रम सुमारें शंभरपट होतात.

दुसरी रीत म्हणजे यादी प्रथम वर्णानुक्रमानें लावणें. मग सारखीं नांवें आपोआप शेजारीं येतात व केवळ शेजाऱ्याशीं ताडून पाहिलें म्हणजे पुरतें. १,००० नांवें लावण्यास चांगल्या पद्धतीनें सुमारें १०,००० तुलना लागतात. यांत एक उणीव आहे: मूळ क्रम मोडतो. जेथें 'प्रथम येईल त्यास प्रथम जागा' असा नियम असेल, तेथें हा अन्यायच होय.

तिसरी रीत टपालकचेरींतील खणांसारखी आहे. नांवांतील अक्षरांवरून यंत्र एक आंकडा काढतें व त्या आंकड्याच्या खणांत तें नांव ठेवतें. तेंच नांव पुन्हां आलें तर आंकडाहि तोच येतो. म्हणून सर्व यादी न चाळतां एकच खण पाहिला कीं काम झालें. ही युक्ति हान्स पीटर लून यांनीं १९५३ सालीं आय.बी.एम. कंपनींत असतांना मांडली. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'पायथॉन' या संगणकभाषेंत 'सेट' नांवाचा संग्रह याच तत्त्वावर चालतो. मात्र तो क्रम राखण्याची हमी देत नाहीं. क्रम हवा असल्यास त्याच भाषेंतील 'डिक्शनरी' वापरावी; २०१८ च्या ३.७ या आवृत्तीपासून तिच्यांत नोंदींचा क्रम टिकणें हा भाषेचा नियमच आहे.

येथवर यंत्राचें काम झालें. परंतु 'सारखें' कशास म्हणावें, हें त्याला कोणी सांगावयाचें? आमच्या देवनागरींतीलच उदाहरण घ्या. 'ॲना' या नांवांतील पहिलें अक्षर संगणकावर दोन प्रकारें उमटतें: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा 'अ' वर निराळा चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्हीं पुष्कळदां एकच दिसतात. यंत्राला मात्र तीं दोन भिन्न नांवें. नांवापुढें चुकून एक मोकळी जागा सुटली तरी तोच प्रकार. म्हणजे कधीं दोन मुलांचा एक होतो, तर कधीं एका मुलीच्या दोघी होतात!

उपाय कठीण नाहीं. प्रथम सर्व नांवें एका लेखनपद्धतींत आणावीं. नंतर नुसत्या नांवावर विसंबून न राहतां शाळेच्या जनरल रजिस्टरांतील क्रमांकावरून ओळख ठरवावी. कारण तो दोन मुलांना एकच नसतो. आणि संशयास्पद नोंदी लगेच पुसूं नयेत. त्या बाजूस काढून कोणीतरी डोळ्यांनीं पहाव्या. पालकांनींहि प्रत्येक अर्जावर पाल्याचें नांव पूर्ण व एकाच प्रकारें लिहिलें, तर मोठें साहाय्य होईल.

मित्रांनो, तुमच्यांपैकीं पुष्कळजण पुढें अशा आज्ञावली लिहितील. पुसण्याची आज्ञा देण्यापूर्वीं क्षणभर थांबा आणि डबा घेऊन उभ्या असलेल्या त्या मुलाची आठवण ठेवा. यादींत नांवें असतात. परंतु प्रत्येक नांवामागें एक माणूस असतो.