चकती-गोल्फ : साधनाची क्रमवार निवड

चकती-गोल्फ हा खेळ मूळ अमेरिकेतील आहे. कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात १९७५ साली त्याचे पहिले कायम मैदान आखले गेले. यात काठी व चेंडू नसतात. हाताने चकती फेकून, कमीत कमी फेकींत ती साखळ्यांच्या टोपलीत पाडावयाची असते. खेळात थोडी गती आलेल्या मुलाने कोणती चकती घ्यावी, हा प्रश्न शिक्षकांनी विचारात घेण्याजोगा आहे.

चकत्यांचे मुख्य प्रकार तीन : टोपलीजवळून टाकण्याची पटर, मध्यम पल्ल्याची मिडरेंज व दूर पल्ल्याची ड्रायव्हर. इनोव्हा कंपनी प्रत्येक चकतीस चार अंक देते. ते अनुक्रमे वेग, तरंगणे, आरंभीचे वळण व अखेरचा कल दर्शवितात. अ‍ॅव्हिएअर या पटरचा वेगांक २, तर डिस्ट्रॉयर या ड्रायव्हरचा १२ आहे.

वेगांक मोठा असला म्हणजे चकती आपोआप दूर जाते, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः हातात किती गती असली पाहिजे, हे तो अंक सांगतो. उजव्या हाताने, छातीपासून बाहेर फेकलेली चकती पुरेशी गती असता प्रथम किंचित उजवीकडे वळते. गती मंदावताच डावीकडे कलून उतरते. गती अपुरी असता डिस्ट्रॉयरचे पहिले वळण होतच नाही व ती लवकरच डावीकडे पडते. मग ती सावरण्यासाठी मूल मनगट वाकडे करू लागते. ही खोड पुढे सुटणे कठीण जाते, आणि आपला हातच दुबळा आहे, असे मुलास उगीच वाटते.

यास्तव प्रथम एक पटर व एक मिडरेंज एवढ्याच चकत्या द्याव्यात. फेक चुकली की त्या डगमगतात. त्यामुळे दोष तत्काळ दिसून येतो. त्या सरळ व समतल जाऊ लागल्यावर लेपर्डसारखी वेगांक ६ ची ड्रायव्हर द्यावी. तिचा वळणाचा अंक उणे २ असल्याने ती मध्यम गतीतही वळण घेते.

वजनाचाही विचार व्हावा. नियमाप्रमाणे व्यासाच्या दर सेंटिमीटरास ८.३ ग्रॅमपर्यंत वजन चालते. म्हणजे २१ सेंटिमीटरच्या चकतीस १७४.३ ग्रॅम. ही कमाल मर्यादा होय. मुलांच्या हाती सुमारे १५० ग्रॅमची चकती अधिक सुलभ ठरते.

पाटीवर अक्षर वळले म्हणजे टाक हाती द्यावा, हा क्रम शिक्षकांस परिचित आहेच. तोच येथेही पाळावा.