रणगाड्याची अंकलिपी

शत्रूची तोफ दिसली की रणगाड्याचं नाक थेट तिच्याकडे करायचं नाही, तो थोडा तिरका ठेवायचा. शंभर मिलिमीटरचं पोलाद ४५ अंशांत तिरपं आलं, तर गोळ्याला सुमारे १४१ मिलिमीटर भेदावं लागतं. शिवाय तो घसरून जाण्याची शक्यता वाढते. हे गणित विशीतल्या पोरांच्या डोक्यात कसं उतरवायचं? जर्मन सैन्याच्या ‘टायगरफीबेल’ने, म्हणजे टायगर रणगाड्याच्या अंकलिपीने, जेवणाच्या वेळा सांगितल्या. रणगाड्याचं तोंड बाराच्या आकड्याकडे धरा आणि शत्रूला साडेदहा, दीड, साडेचार किंवा साडेसातच्या दिशेला ठेवा. न्याहारी, जेवण, कॉफी, रात्रीचं जेवण. विसरायची सोयच नाही!

ऑगस्ट १९४३ मध्ये जर्मन सेनानी गुडेरियानच्या मंजुरीने निघालेली ही पुस्तिका लेफ्टनंट जोसेफ फॉन ग्लाटर-गोट्झची. चालक, बिनतारीवाला, तोफेत गोळा भरणारा, नेमबाज, कमांडर अशा पाचही जणांसाठी तिच्यात वेगवेगळे धडे, आणि जागोजागी व्यंगचित्रं, यमकं. शत्रूचा कोणता रणगाडा किती अंतरावरून आपल्याला भेदेल, हे चार पाकळ्यांच्या पानासारख्या आकृतीतून एका नजरेत कळे. मध्येच एल्विरा नावाची चित्रातली अर्धवस्त्रा तरुणीही डोकावते. हा चावटपणा मुद्दाम केलेला, कारण कंटाळलेल्या पोराने पान उलटायला हवं. शिकवण्याची हुशारी अस्सल होती. ती राबली मात्र नाझींसाठी.

यमकाची ताकद खानदेशाला नवी नाही. असोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी त्यांची गाणी जात्यावर, शेतात जुळत गेली.

भारतीय फौजेत १९३८ मध्ये सिंध हॉर्स या रेजिमेंटपासून घोडदळांचे घोडे जाऊन चिलखती गाड्या येऊ लागल्या. लगाम धरणाऱ्या हातांना गिअर शिकायचा होता, आणि फौजेतल्या शिकवण्याची भाषा होती रोमन उर्दू. अहिराणी बोलणाऱ्या भरतीवाल्या पोराला भाषाही परकी आणि लिपीही. अशा वेळी एका चित्राने केवढं काम केलं असतं!

अमेरिकेने ते ओळखलं. विल आयझनर या चित्रकथाकाराने युद्धकाळात लष्करासाठी ‘जो डोप’ हा धांदरट शिपाई रंगवला आणि त्याच्या चुकांमधून गाड्यांची निगा शिकवली. १९५१ पासून ‘पीएस’ मासिकात हेच काम पुढे चालू राहिलं.

रणगाडे प्रत्यक्ष पाहायचे असतील, तर भारतीय रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र अहिल्यानगरला आहे. तिथलं १९९४ मध्ये उघडलेलं रणगाडा संग्रहालय सहलीच्या यादीत जरूर टाकावं. शर्मन, सेंच्युरियन, पाकिस्तानकडून घेतलेला पॅटन, सगळे एका आवारात दिसतात. जळगावकरांना रेल्वेने मनमाडमार्गे जाता येतं.