संत्र्याच्या कलमाचा खुंट

नागपुरी संत्रा आपण सर्वांनी खाल्ला आहे. पण त्याचे झाड संत्र्याच्या बीपासून करत नाहीत. खालचे रोप जंबेरीचे नाहीतर रंगपूर लिंबाचे असते. त्याला खुंट म्हणतात. माझे मामाजी काटोलकडे पन्हेरीत कामाला आहेत. त्यांनी मला सर्व सांगितले.

खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला म्हणजे जमिनीपासून वीतभर वर त्याची साल चिरतात. आत संत्र्याचा डोळा बसवून घट्ट बांधतात. डोळा फुटला का खुंटाचा शेंडा कापतात. मग वर संत्रा आणि मुळ्या लिंबाच्या! खुंटाला खालून काटेरी फूट येते ती मोडावी लागते, नाहीतर झाडाला आंबट फळे लागतात. रंगपूर लिंबू पिकला म्हणजे लहान संत्र्यासारखा दिसतो, पण तोंडात घातला तर डोळे मिटतात.

आता खुंट निवडायचा कशाला? ओल्या जमिनीत फायटोप्थोरा नावाचा रोगजंतू असतो. तो पाण्याबरोबर पसरतो. त्याने मुळ्या सडतात, बुंध्यातून डिंक गळतो, पाने पिवळी पडतात आणि झाड वाळते. ह्याला डिंक्या म्हणतात. जंबेरी जोरात वाढते, पण डिंक्याला लवकर बळी पडते. रंगपूर तिच्यापेक्षा जास्त टिकतो. नागपूरला १९८५ साली लिंबाच्या जातीच्या फळांचे संशोधन केंद्र निघाले. तेथे अशा खुंटांचा अभ्यास चालतो.

आपला भंडारा जिल्हा धानाचा. बांधीत पाणी साचले तर धान खूश, पण संत्रा मरतो. बाबांना बोडीजवळ दहा कलमे लावायची आहेत. फळ यायला पाच वर्षे लागतात, तेव्हा मी नववीत असेन. खुंट वाईट निघाला तर पाच वर्षे पाण्यात. बाबा म्हणतात का जंबेरी लवकर मोठी होते, तीच आणू. मामाजी म्हणतात रंगपूरच आणा. मला मामाजींचे पटते.

पण रंगपूर असला तरी जागा धुऱ्यासारखी उंच पाहिजे. डोळ्याचा जोड मातीत गाडू नये, कारण वरचा संत्रा रोगाला फार नाजूक. बुंध्याला १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी यांचा लेप लावतात.

कलम नुसते पाहून आपल्याला खुंट ओळखता येत नाही. म्हणून घेताना पन्हेरीवाल्याला विचारावे आणि पावतीवर खुंटाचे नाव लिहून घ्यावे.