अक्षहृदय शिकल्यावांचून

गेल्या दिवाळींत आमचा एक जुना विद्यार्थी नांदेडास आम्हांस भेटावयास आला. लातुरास एका खाजगी शिकवणीवर्गांत तो गणित शिकवितो. म्हणाला, "गुरुजी, नोकरी सोडतों आहें. शेअरबाजारांत ऑप्शनचे व्यवहार करून संसार चालवीन. बाबा ग्रॅच्युइटींतले पांच लाख देत आहेत." अनुभव विचारला, तों तीन महिने मोबाइलवर पाहिलेले धडे, आणि पहिल्या पंधरवड्यांत मिळालेले अठरा हजार!

पांढरपेशांच्या मुलांनीं व्यापारांत पडूं नये, असें आमचें मुळींच मत नाहीं. आम्हीं त्यास एवढेंच विचारलें, "लातूरच्या बाजारांत आडत्याचा मुलगा गादीवर केव्हां बसतो?" ढिगांतलें सोयाबीन मुठींत घेऊन तो आधीं ओलावा ओळखावयास शिकतो, मापें, वह्या, उधारी पाहतो, मग कोठें वडिलांच्या देखरेखीखालीं सौदा करितो.

ऑप्शनचा बाजार याहून कठीण. शेअर घेतला व भाव पडला, तर थांबतां येतें. ऑप्शनला मुदत असते. तोंवर अंदाज खरा न ठरल्यास विकत घेतलेल्या हक्काचें मोल शून्यावर येतें. आणि तो हक्क विकणाऱ्याचा तोटा तर मिळालेल्या रकमेच्या कित्येक पट होऊं शकतो. समोर संगणकाच्या बळावर निमिषार्धांत सौदे करणाऱ्या मोठ्या पेढ्या असतात. भांडवल बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या 'सेबी'नें सप्टेंबर २०२४ मध्यें एक पाहणी प्रसिद्ध केली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकीं ९३ टक्के तोट्यांत गेल्या. सरासरी तोटा माणशीं सुमारें दोन लाख रुपये. खर्च वजा जातां लाखाहून अधिक नफा मिळविणारे अवघे एक टक्का!

म्हणूनच त्या अठरा हजारांचें आम्हांस अधिक भय वाटलें. आरंभींचा लाभ नवख्यास कौशल्य वाटतो.

वनपर्वांतील नळ शूर होता, अश्वविद्येंत निपुण होता. फाशांचें मर्म मात्र त्यास ठाऊक नव्हतें, आणि पुष्कराशीं खेळून तो राज्य घालवून बसला. पुढें ऋतुपर्णाचा सारथी होऊन, अश्वविद्येच्या मोबदल्यांत त्यानें अक्षहृदय मिळविलें, आणि मगच पुन्हा फासे हातीं धरले. हातची विद्या त्यानें टाकली नाहीं. तिच्याच बळावर दुसरी जोडली.

आम्हीं सांगितलें, "शिकवणी सोडूं नकोस. वर्षभर सौदे वहींत लिही, खर्च व कर धरून हिशेब ठेव. पुढें लावशील ते पैसे स्वतःच्या पगारांतले, बुडाले तरी घरांत कोणाचें औषध थांबणार नाहीं इतकेच. ग्रॅच्युइटी हें बाबांच्या जन्मभराच्या नोकरीचें फळ आहे. तें तुझें भांडवल नव्हे."

बराच वेळ तो बोलला नाहीं. मग हळूच म्हणाला, "बाबा नको म्हणाले असते, तर मी भांडलों असतों. हो म्हणाले, तेव्हांपासून झोंप लागत नाहीं."

परवां त्याचा फोन आला. राजीनामा दिलेला नाहीं. वही घातली आहे. पहिल्या महिन्यांत कागदावर एकतीस हजारांचा तोटा. तोट्याचें वृत्त ऐकून इतका आनंद आम्हांस पूर्वीं कधींच झाला नव्हता.