तज्ज्ञाची पारख

एखाद्या शास्त्रीय प्रश्नाने आपणांस भंडावून सोडले, तर विचारावे कोणास? आज जगभरचे संशोधक संगणकांच्या जाळ्यावर एकत्र येतात, आणि त्या हजारोंतून योग्य माणूस सुचविण्याचे काम यंत्राकडे आले आहे. यंत्राला विद्वत्ता कळत नाही; ते केवळ साक्षी मोजते.

ही कल्पना जुनी आहे. कोणत्या शोधनिबंधाचा आधार पुढे कोणकोणत्या निबंधांनी घेतला, याची सूची करावी, असे यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली सुचविले. परंतु नुसती मोजदाद फसवी असते. (वर्गात सर्वांत अधिक बोलणारा सर्वांत हुशार असतोच असे नाही!) दहा सामान्यांपेक्षा एका जाणकाराची साक्ष वजनदार, आणि जाणकार तरी कोण? ज्याला इतर जाणकार मानतात तो. हे कोडे चक्राकार वाटते खरे, पण आरंभी सर्वांना सारखे वजन देऊन तेच गणित पुनःपुन्हा केले की आकडे स्थिरावतात. १९९८ साली ब्रिन व पेज यांनी याच रीतीने जाळ्यावरील पानांची प्रतवारी लावून दाखविली.

एक उणीव मात्र आम्हांस खुपते. नवागताच्या नावावर साक्षच नसते. १९१३ साली मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमधील कारकून रामानुजन यांनी केंब्रिजच्या हार्डी यांस पत्र धाडले, तेव्हा कोणत्या सूचीने त्यांचे नाव सुचविले असते? हार्डी यांनी लिटलवूड यांस सोबत घेऊन ती प्रमेये स्वतः वाचली. पुढच्याच वर्षी रामानुजन केंब्रिजला पोचले.