निखळलेला दात आणि पेलाभर दूध

कोणता माल किती दिवस टिकतो, हे आम्हा धान्याच्या व्यापाऱ्यांस निराळे सांगावे लागत नाही. परंतु एक वस्तू अशी आहे की, तिची मुदत दिवसांत नव्हे, मिनिटांत मोजावी लागते. ती म्हणजे अपघाताने मुळासकट निखळलेला पक्का दात.

आपल्या भागात तोंडाला मार बसण्याचे प्रसंग थोडे नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा व सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीवर गोटमार होते. तीत दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. पण दात पडावयास गोटमारच हवी असे नाही. पोत्यांच्या थप्पीवरून घसरलेला मुलगा किंवा सायकलवरून पडलेली मुलगी यांच्यावरही तीच पाळी येते. अशा वेळी घरची माणसे दात खसखसून धुतात आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवतात. सद्‌हेतूने केलेल्या या दोन्ही गोष्टींनी दाताचा घात होतो.

याचे कारण समजण्याजोगे आहे. दाताच्या मुळावर एक पातळ, तंतुमय आवरण असते. त्यातील जिवंत पेशीच दाताला जबड्याच्या हाडाशी पुन्हा सांधतात. दात कोरडा राहिला, तर तासाभरात त्या बहुतेक मरतात. मग दात बसविला तरी हाड हळूहळू मूळ खाऊन टाकते. करपलेले बियाणे पेरावे, तसाच तो प्रकार होय. साध्या पाण्यात क्षार अत्यल्प असतात. त्यामुळे पाणी पेशींत शिरते आणि भिजत घातलेल्या हरभऱ्याप्रमाणे त्या फुगून फुटतात. दुधातील क्षारांचे प्रमाण मात्र शरीरातील द्रवाशी पुष्कळसे जुळते. म्हणून थंड, साध्या दुधात या पेशी दोन-तीन तास तरी तग धरतात. परदेशांत याकरिता हँक्स यांचे क्षारद्रावण वापरतात. त्यात त्या दिवसभर टिकतात. पण ते आपल्या गावी आयत्या वेळी कोठून मिळणार? दूध घरोघरी असते.

तेव्हा दात पडताच तो माथ्याकडून उचलावा. मुळास बोट लावू नये. माती लागली असल्यास दुधाने हलकेच धुवावी, घासू नये. जखमी माणूस शुद्धीवर असेल, तर दात लगेच खोबणीत बसवून स्वच्छ रुमाल चावून धरावयास सांगावे. हाच सर्वोत्तम उपाय होय. ते न जमल्यास दात दुधात बुडवून दंतवैद्याकडे धाव घ्यावी. दुधात साखर वा हळद घालू नये. ताकही वापरू नये. दूध नसल्यास दात त्याच माणसाच्या थुंकीत ठेवावा.

मुलांचा दुधाचा दात मात्र परत बसवू नये. त्याने खालच्या पक्क्या दातास इजा पोचते. तो रिवाजाप्रमाणे कौलावर फेकावा!

नागपुरात १९६८ साली स्थापन झालेले शासकीय दंत महाविद्यालय आहे. परंतु बोरगावहून तेथे पोचण्यास तासाहून अधिक वेळ लागतो. म्हणजे कोरड्या दाताची मुदत वाटेतच संपते, तर दुधातला दात जिवंत पोचतो. कोवळ्या वयात समोरचा दात गेला, तर त्याची उणीव जन्मभर हसताना जाणवते.

सभासद बंधूंनी हा मजकूर घरातील मंडळींस, तसेच दुकानातील गुमास्ते व हमाल यांस अवश्य वाचून दाखवावा, ही विनंती.